देहूचे एक घर आणि त्यातले दुकान
(जीर्णोद्धार सोहळ्यात केनवड येथे केलेले भाषण)



समितीने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मंदिराविषयी बोलणारे अधिकारी पुरुष इथे बसले आहेत, म्हणून मी एका दुकानाविषयी बोलतो. दुकानाचा जीर्णोद्धाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध देहूला सापडतो.

तुकाराम महाराजांना आपण अभंगांतून ओळखतो. पण ते वाढले ते घर दुकानदाराचे होते. कुळ कुणब्याचे, आडनाव मोरे, गावच्या पेठेची महाजनकी त्यांच्याकडे. शेती होती, सावकारी होती, वाणीपण होते. आणि विठ्ठलाचे देऊळही त्याच घराण्याचे. पूर्वज विश्वंभरबाबांनी ते उभारले, अशी परंपरा सांगते. थोरले बंधू सावजी विरक्त, तेव्हा वडील बोल्होबांनी सारा कारभार मधल्या तुकोबांच्या अंगावर टाकला.

खेड्यातले दुकान कसे चालते हे केनवडकरांना मी काय सांगावे! रोखीचे गिऱ्हाईक थोडे, वहीवरचे फार. सुगी साधली तर खाते फिटते. सुगी बुडाली की गिऱ्हाइकामागे दुकानदारही बुडतो. 1630 च्या सुमारास महादुष्काळ पडला, तेव्हा देहूला हेच झाले. महाराजांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दिवाळे निघाले. आपल्यातल्या ज्या वडीलधाऱ्यांनी 1972 साली मिलोच्या भाकरी खाल्ल्या, त्यांना थोडी कल्पना येईल. पण त्या काळी परमुलखातून धान्य आणायला आगगाडी नव्हती.

दुसऱ्या पत्नी जिजाबाई. महिपतीबुवांनी 1774 च्या ‘भक्तलीलामृता’त लिहिले आहे, की या माउलीने स्वतःच्या नावाने खत लिहून दोनशे रुपये कर्ज काढले आणि पतीला मिठाच्या व्यापारास धाडले. व्यापारात नफा झाला. महाराजांनी तो पैसा वाटेत एका अडलेल्या माणसाला देऊन टाकला! कीर्तनात या बाईला कजाग ठरवून हशा मिळवतात. मला ते कधीच पटले नाही. पोरे उपाशी आणि खत आपल्या नावाचे, अशी जी बाई असेल तिने बोलू नये तर काय करावे?

अशा पडत्या काळात महाराजांना दिसले, की देवाचे देऊळ भंगले आहे, ते नीट करावे. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवले आहे. हाती भांडवल असताना नव्हे, दुकान बसल्यावर हा विचार आला.

कर्जखतांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, परंतु अर्धीच. घरातल्या खतांचे त्यांनी दोन वाटे केले. धाकट्या कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि आपला तेवढा इंद्रायणीत सोडला. भावाच्या हक्कावर स्वतःचे औदार्य दाखवले नाही. हिशेबाचा हा चोखपणा वाण्याच्या ओट्यावरच शिकावा लागतो.

म्हणून समितीला माझी एक विनंती आहे. कळसाची वर्गणी अजून व्हायची आहे. ज्याचे पीक गेले त्याच्या दारी दुसऱ्यांदा जाऊ नये, आणि यादीत त्याच्या नावापुढे शून्य लिहू नये.

देहूच्या त्या घरातले दुकान गेले, घर मात्र जिजाबाईंनी धरून ठेवले. महाराजांच्या मागे जन्मलेले त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 साली पालखी सुरू केली. आजही प्रस्थानाच्या दिवशी तिचा पहिला मुक्काम देहूलाच, इनामदार वाड्यात असतो.