नवजात पिल्लाचे पाय : पहिल्या तीन दिवसांची निगा



परसातील कुक्कुटपालनात एकेका पिल्लाला मोल असते. खुडूक कोंबडीखाली ठेवलेल्या दहा-बारा अंड्यांतून २१ व्या दिवशी पिल्ले बाहेर पडतात, तेव्हा गृहिणीच्या डोळ्यांसमोर पुढील हंगामातील अंडी, सणासुदीची विक्री आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च उभा असतो. अशा वेळी एखादे पिल्लू दोन्ही पाय फाकून पडलेले दिसले, की ‘ते लुळे निघाले’ असे म्हणून बाजूला टाकले जाते. वस्तुतः अशा पिल्लांपैकी अनेक वाचण्याजोगी असतात. मात्र दोष कोणता हे नेमके ओळखले पाहिजे आणि उपाय पहिल्या दोन-तीन दिवसांतच झाला पाहिजे.

या घाईला कारण आहे. अंड्यातील पिवळ्या बलकाचा उरलेला भाग पिल्लू बाहेर येण्यापूर्वी त्याच्या पोटात ओढला जातो. या शिदोरीवर ते सुमारे दोन दिवस तग धरते. त्यानंतर त्याने आपल्या पायांनी दाण्या-पाण्यापर्यंत पोचावयास हवे. पाय न चालणारे पिल्लू बहुधा पायाच्या दोषाने नव्हे, तर तहानेने आणि भुकेने मरते. शिवाय या वयात हाडे व सांधे कोवळे असतात. ते जसे सरळ वळविता येतात, तसेच वाकडेही लवकर घट्ट होतात.

सर्वांत अधिक आढळणारा दोष म्हणजे पाय फाकणे. पिल्लू पोटावर पडून राहते आणि पाय दोन्ही बाजूंना घसरतात. उबवणी यंत्रातील उष्णतामान अधिक झाले किंवा वारंवार कमी-जास्त झाले, तर पायांत दोष येऊ शकतो. परंतु पुष्कळदा पाय मुळात निरोगी असतात. निसरडी असते ती खालची जागा. कोंबडीमागे मातीत फिरणाऱ्या पिल्लाच्या बोटांना पकड मिळते. यंत्रातील गुळगुळीत तबक, खोक्याचा पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राचा कागद यांवर ती मिळत नाही. पिल्लांनी तूस खाऊ नये म्हणून तुसावर कागद अंथरण्याची रीत आहे. कागद घालावयाचाच असेल, तर त्यावर खडबडीत कापड अंथरावे. गोणपाट वापरल्यास त्याचे सुटे धागे कापून टाकावेत, अन्यथा त्यांत बोटे अडकतात.

फाकलेले पाय जागेवर आणण्याचा उपाय घरच्या घरी करता येतो. मऊ चिकटपट्टीची अरुंद पट्टी घेऊन दोन्ही पायांच्या नळ्यांना, सांध्याच्या खाली, सैलसर गुंडाळावी. दोन पायांत पिल्लू उभे असताना असते तेवढेच, म्हणजे अदमासे अडीच सेंटिमीटर अंतर ठेवावे. पट्टी आवळल्यास रक्ताभिसरण थांबते. पाऊल सुजले किंवा काळसर दिसले, तर ती त्वरित सोडावी. पट्टी रोज तपासावी. वेळीच उपाय झाल्यास बहुतेक पिल्ले दोन ते चार दिवसांत स्वतः उभी राहतात. तोवर त्यांना इतरांच्या पायांखाली येऊ देऊ नये. सोबतीला एखादे शांत पिल्लू ठेवावे. दिवसातून अनेक वेळा चोच पाण्याला लावून द्यावी. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात स्वच्छ खडे घालावेत, म्हणजे पिल्लू बुडणार नाही. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते.

दुसरा दोष बोटे आत मुडपण्याचा. याचे एक प्रमुख कारण म्हणजे ‘ब-२’ जीवनसत्त्वाची, अर्थात रायबोफ्लेविनची उणीव. ही उणीव पुष्कळदा अंडी देणाऱ्या कोंबडीच्याच आहारात असते. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने हे जीवनसत्त्व पाण्यातून द्यावे. ते भांडे उन्हात ठेवू नये, कारण प्रकाशाने रायबोफ्लेविन नष्ट होते. पुठ्ठ्याच्या छोट्या तुकड्यावर बोटे सरळ करून चिकटपट्टीने बसविल्यास त्यांना वळण लागते. पैदाशीच्या कोंबड्यांना लसूणघासासारखा हिरवा चारा दिल्यास पुढच्या पिल्लांत हा दोष कमी होतो.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. पायाच्या मागे वळणाऱ्या सांध्यावरील कंडरा आपल्या खाचेतून सरकते, सांधा सुजतो आणि पाय एका बाजूला पिळवटतो. मँगेनीज, कोलीन यांसारख्या घटकांची उणीव हे याचे महत्त्वाचे कारण आहे. मक्यात मँगेनीज फार थोडे असते. तांदळाच्या व गव्हाच्या कोंड्यात ते चांगल्या प्रमाणात असते. केवळ मक्याच्या भरड्यावर कोंबड्या ठेवू नयेत ते यासाठीच. कंडरा नुकतीच सरकली असेल, तर जाणकाराच्या हातून ती बसण्याची शक्यता असते. पाय एकदा पिळवटला, की आहार सुधारूनही तो सरळ होत नाही. असे पिल्लू वेदनेत तडफडत ठेवणे म्हणजे दया नव्हे. पशुवैद्यकाला दाखवून त्याच्या यातना संपविणे हेच भूतदयेला धरून आहे.

काही आठवड्यांच्या पिल्लाचा एक पाय पुढे व एक मागे पसरला, तर मात्र मरेक रोगाची शंका घ्यावी. हंगेरीतील पशुवैद्यक योझेफ मरेक यांनी १९०७ मध्ये या रोगाचे वर्णन केले. त्याची लस पिल्लू बाहेर पडल्याच्या दिवशीच टोचली जाते. म्हणून एक दिवसाची पिल्ले विकत घेताना ही लस दिली आहे की नाही, हे विचारून घ्यावे. अनेक पिल्ले एकाच वेळी लुळी पडू लागली, तर राणीखेतसारख्या रोगाचाही संभव असतो. तेथे पट्टीचा उपयोग नाही. आजारी पिल्ले ताबडतोब वेगळी करून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

खोक्यातून पिल्ले बाहेर काढताना त्यांची संख्या सर्वच मोजतात. त्याच वेळी प्रत्येक पिल्लू हातात घेऊन त्याचे पाय पाहिले, ते खडबडीत जागेवर उभे केले आणि त्याची चोच एकदा पाण्यात बुडविली, तर त्याला अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक वेळ लागत नाही. लुळे म्हणून टाकून दिलेले पिल्लू कदाचित त्या अर्ध्या मिनिटाचीच वाट पाहत असते.