महाद्वाराबाहेर

(अकादमीच्या वार्षिक संमेलनातील भाषणाचे शब्दांकन)



सत्राचा विषय आहे ‘प्रवास आणि भाषा’. मी इंदूरला तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून मी प्रवासवर्णनाच्या शैलीवर बोलेन असं आपल्याला वाटलं असेल. मी बोलणार आहे ते चार दिवसांच्या एका मोटारप्रवासाविषयी आणि त्यात नातवंडांना उत्तरं देताना मला जे मराठी शब्द लागले त्यांविषयी.

माझी लेक आणि जावई अमेरिकेत अटलांटाला राहतात. नात बारा वर्षांची, नातू नऊचा. आमचं घराणं माळकरी. तिथल्या घरातही संध्याकाळी हरिपाठ होतो. गेल्या वर्षी मी तिथे असताना लेक म्हणाली, “आई, या सुटीत समुद्रावर नको. मुलांना यात्रेला नेऊ या.” यात्रा म्हणजे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची चळवळ ज्या गावांत उभी राहिली, ती गावं. अटलांटाहून शेजारच्या अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी, मग सेल्मा, मग बर्मिंगहॅम, आणि परत. शब्द तिने सहज वापरला, पण तो योग्यच होता. या चळवळीची ठाणी बहुतेक सगळी देवाच्या दारी आहेत, म्हणजे चर्चमध्ये.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. त्या काळी शहराची बस, कचेरी, न्यायालय, पोलीस सगळं गोऱ्यांच्या हाती होतं. चर्च मात्र कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या वर्गणीतून बांधलेलं, स्वतः चालवलेलं. सभा घ्यायला, पैसे जमवायला आणि एकमेकांना धीर द्यायला हक्काची जागा तीच.

माँटगोमेरीत १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडायला नकार दिला. त्याआधी नऊ महिने, त्याच गावात, क्लॉडेट कॉल्व्हिन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने तेच केलं होतं आणि तिलाही अटक झाली होती. माझ्या नातीला रोझाबाई शाळेत भेटल्या होत्या, क्लॉडेट नव्हती. नंतरचे दोन दिवस ती क्लॉडेटविषयीच विचारत होती. बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. लोक पायी गेले, आणि चर्चच्या नावाने घेतलेल्या मोठ्या मोटारींतून गेले. त्या मोटारींना ‘चालती चर्च’ म्हणत. डेक्स्टर अव्हेन्यू चर्चचे पाद्री मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते.

सेल्माला एडमंड पेटस पुलावरून आम्ही पायी गेलो. ७ मार्च १९६५ रोजी मतदानाचा हक्क मागणाऱ्या सुमारे सहाशे लोकांना पोलिसांनी इथे लाठ्या आणि अश्रुधुराने मागे हटवलं. ते निघाले होते ब्राउन चॅपल या चर्चमधून, आणि जखमी होऊन परतले तेही तिथेच. दोन आठवड्यांनी ते पुन्हा निघाले. चौपन्न मैल, पाच दिवस. रात्री शेतांत तंबू ठोकून मुक्काम. शेवटच्या दिवशी माँटगोमेरीत पंचवीस हजारांचा समुदाय होता. त्याच वर्षी ६ ऑगस्टला मतदान हक्काच्या कायद्यावर सही झाली. ‘मुक्काम’ हा शब्द ऐकल्यावर नातवाने विचारलं, “म्हणजे वारी?” मी हो म्हटलं. वारीत रस्ता अडवायला पोलीस उभे नसतात, एवढा फरक सांगितला.

बर्मिंगहॅमला मात्र आम्ही मोठी माणसंच गप्प झालो. मे १९६३ मध्ये इथल्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमधून शाळकरी मुलं मोर्चाने बाहेर पडली. त्यांच्यावर अग्निशामक दलाच्या पाण्याचे झोत सोडले, कुत्री सोडली. शेकडो मुलं तुरुंगात गेली. त्यांतली ऑड्री फे हेंड्रिक्स नऊ वर्षांची होती, म्हणजे आमच्या नातवाएवढी. ती आठवडाभर कोठडीत होती. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, त्याच चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाला. अ‍ॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन या चौदा वर्षांच्या आणि डेनिस मॅकनेअर ही अकरा वर्षांची, अशा चार मुली गेल्या. नात चारही नावं हळू आवाजात वाचत होती. मग म्हणाली, “आजी, बॉम्ब ठेवणारेपण रविवारी चर्चमध्ये जात असतील ना?”

हा प्रश्न टाळता येत नाही. त्या प्रदेशात गोरे आणि काळे एकाच येशूची प्रार्थना करत होते, पण वेगवेगळ्या इमारतींत. १९६० मध्ये अटलांटाचे कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेले, तेव्हा काही ठिकाणी त्यांना दारातूनच परत पाठवलं. १९६३ मध्ये किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं प्रसिद्ध पत्र आहे, ते ‘जरा थांबा’ असा सल्ला देणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना दिलेलं उत्तर आहे. श्रद्धा दाराच्या आतही होती आणि बाहेरही होती.

शेवटच्या दिवशी अटलांटाच्या एबेनेझर चर्चमध्ये गेलो. लेकीने मुलांना एक गोष्ट सांगितली. किंग १९५९ मध्ये भारतात आले होते. केरळमधल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतले अस्पृश्य’ अशी करून दिली. किंग यांना आधी ते खटकलं. मग विचार करता पटलं. १९६५ मध्ये याच चर्चच्या प्रवचनात त्यांनी ही आठवण सांगितली होती.

नातीने विचारलं, “अस्पृश्य म्हणजे?”

अमेरिकेतल्या भेदभावाचे सगळे इंग्रजी शब्द तिला येत होते. हा मराठी शब्द तिने कधी ऐकला नव्हता. मी आधी व्याकरण सांगितलं, शिक्षकाची सवय: ‘अ’ म्हणजे नाही, ‘स्पृश्य’ म्हणजे शिवण्याजोगा. तेवढ्याने काही कळत नाही. मग शिवाशिव सांगितली, विटाळ सांगितला. आणि मग म्हटलं, “पंढरपूरला महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीवर तू डोकं ठेवलं होतंस, आठवतं? ती समाधी बाहेर का आहे?”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मग विठोबाने दार का नाही उघडलं?”

मी सांगितलं की दार माणसांनी लावलं होतं आणि ते माणसांनाच उघडावं लागलं. मे १९४७ मध्ये साने गुरुजी त्यासाठी पंढरपुरात उपोषणाला बसले. हेही सांगितलं की सगळी दारं अशी उघडली नाहीत. नाशिकला काळाराम मंदिरासाठी १९३० पासून काही वर्षं सत्याग्रह झाला; दार उघडलं नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १९५६ मध्ये लाखो लोकांसह बुद्धाला शरण गेले. नातवाने विचारलं, “मग आपण त्या देवळात का जातो?” लेक म्हणाली, “चोखोबांनी विठ्ठल सोडला नाही, म्हणून. आणि ज्यांनी सोडला, त्यांनी का सोडला ते विसरायचं नाही, म्हणूनही.” दोन्ही वाटा मुलांपुढे ठेवायला हव्यात असं मला वाटतं. एकच सांगितली तर गोष्ट अर्धी राहते.

मित्रहो, महाराष्ट्राबाहेर आपण मुलांना जी मराठी देतो ती बहुधा सणांची मराठी असते: गुढी, मोदक, दिवाळी, शिवजयंती. ती गोड आहे आणि ती द्यावीच. पण ‘समता’ हा स्वच्छ शब्द पाठ करून घ्यायचा आणि ‘शिवाशिव’ हा शब्द मुलांपासून लपवायचा, असं केलं तर समता कशासाठी मागितली गेली हे त्यांना कळणार नाही. परदेशातला अन्याय परक्या भाषेत शिकलेलं मूल तो परक्यांचाच समजेल.

यासाठी अलाबामाला जायची गरज नाही. डॉ. आंबेडकरांचा जन्म झाला ते महू इंदूरहून तासाभराच्या अंतरावर आहे. वडोदऱ्यात १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या याच माणसाला उतरायला जागा मिळाली नाही. ती आठवण जपणारी संकल्पभूमी तिथे आहे. शिक्षकांना माझी विनंती आहे: मुलांना तिथे सहल म्हणून नेऊ नका, यात्रा म्हणून न्या. कोणतं दार बंद होतं, ते कोणी लावलं आणि कोणी ठोठावलं, एवढे तीन प्रश्न विचारा. आणि मुलांनी उलट प्रश्न केला तर मराठीतच उत्तर द्या.