फेरिस्त जिवंत ठेवावी लागते
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आज मी आपल्यापुढे एका वहीची मागणी घेऊन उभा आहे.

गेल्या वर्षी आपला एक माजी विद्यार्थी माझ्याकडे आला. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, फ्लेक्स यांचे डिझाइन शिकून मेहकरातच चार पैसे मिळवावेत, ही त्याची इच्छा. वर्गाची फी वडिलांनी कशीबशी भरली. पण तिथे शिकवलेल्या सॉफ्टवेअरची वर्गणी दरवर्षी भरणे त्यांना शक्य नव्हते. मुलाने विचारले, "सर, सगळेच चोरीची प्रत वापरतात. मीही वापरू का?" मी नाही म्हणालो. परंतु नाही म्हणणाऱ्याने दुसरी वाटही दाखवली पाहिजे. मी घाईघाईने एका जुन्या यादीतून त्याला चार नावे लिहून दिली. त्यांतले एक सॉफ्टवेअर केव्हाच बंद पडले होते. पुस्तकांची व स्मरणिकांची पाने जुळवणाऱ्या 'स्क्रायबस'पुढे शेरा होता : 'देवनागरी, उर्दू जमत नाही.' मुलाने ते उघडलेच नाही. महिनाभर झटून त्याने नाद सोडला.

बंधूंनो, चूक माझी होती. तो शेरा जुन्या आवृत्तीपुरता खरा होता. जानेवारी २०२४ मध्ये स्क्रायबसची १.६ ही आवृत्ती आली. तिच्यात आपली जोडाक्षरेही जुळतात आणि उजवीकडून डावीकडे उर्दूही लिहिता येते. यादी खोटी नव्हती, शिळी होती. शिळ्या यादीनेही मुलाचे नुकसान होते.

खुल्या परवान्याची सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे पालकांनी समजून घ्यावे. ती कोणीही वापरावीत, आतून तपासावीत, सुधारावीत आणि शेजाऱ्याला द्यावीत, अशी लेखी परवानगी असते. २००२ साली 'ब्लेंडर' हे त्रिमिती चित्रांचे सॉफ्टवेअर बंद पडण्याच्या बेतात होते. लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी जमवून ते सर्वांसाठी खुले केले. त्याच ब्लेंडरवर तयार झालेल्या 'फ्लो' या चित्रपटाला २०२५ साली ऑस्कर मिळाले. वक्फ केलेल्या विहिरीचे पाणी कोणीही भरावे, तसेच हे आहे. रेखाटनासाठी 'इंकस्केप', छायाचित्रांसाठी 'गिंप' आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने 'मुक्त' व 'बलू' हे देवनागरी टंक खुले दिले आहेत. उर्दूसाठी 'नोटो नस्तालीक' आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे धडे भारतीय भाषांत मोफत मिळतात.

मग अडते कुठे? विहीर आहे, पण वाट सांगणारा नाही.

हे काम आपल्या परंपरेला नवे नाही. हिजरी ३७७ मध्ये बगदादच्या इब्न अन-नदीम या ग्रंथविक्रेत्याने अरबी ग्रंथांची सूची केली. तिचे नाव 'अल-फिहरिस्त'. त्यातील कित्येक ग्रंथ आज नष्ट झाले, केवळ त्याच्या नोंदीमुळे आपल्याला ठाऊक आहेत. तोच शब्द मराठीत 'फेरिस्त' होऊन आला.

म्हणून माझी सूचना अशी. संस्थेने एक फेरिस्त ठेवावी. प्रत्येक सॉफ्टवेअरचे नाव, काम, आवृत्ती, परवाना, मूळ संकेतस्थळ, मराठी-उर्दू अक्षरे नीट उमटतात का, जुन्या संगणकावर चालते का, एवढे रकाने असावेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा : कोणी तपासले आणि कोणत्या तारखेला. ऐकीव नोंद घ्यायची नाही. स्वतः एक पत्रिका करून पाहायची, मगच सही करायची. सहा महिने न तपासलेल्या नोंदीवर लाल खूण करावी. बंद पडलेले नाव खोडू नये. त्यापुढे 'बंद' लिहून त्याऐवजी काय वापरावे ते लिहावे.

मुलींनो, हे काम तुम्हीही घ्या; घरच्या संगणकावरही ते होण्यासारखे आहे. पालकांनो, कोणत्याही वर्गाची फी भरण्यापूर्वी ही वही एकदा पाहा.

वहीची सुरुवात मी केली आहे. तो विद्यार्थी आता रविवारी येतो. स्क्रायबसच्या नोंदीपुढे सही त्याचीच आहे. पुढच्या रकान्यांत तुमच्या सह्या हव्या आहेत.

खुदा हाफिज.