बीजगणिताची परीक्षा आणि उपपत्तीची परंपरा

(बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातील विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



दहावीला गणितात नव्वदच्या वर गुण, बारावीलाही समाधानकारक यश आणि महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी बीजगणिताच्या पेपरात एटीकेटी, हे दृश्य आपल्या मध्यमवर्गीय घरांना अपरिचित राहिलेले नाही. निकालाच्या दिवशी घरात एक विचित्र शांतता पसरते. वडिलांना वाटते, मुलगा वसतिगृहात राहून बिघडला. आईला वाटते, तब्येतीकडे दुर्लक्ष झाले. आणि तो मुलगा किंवा ती मुलगी मनाशी एकच निष्कर्ष काढते: गणित हा आपला प्रांत नव्हे. पुढच्या वर्षी विषय बदलला जातो. ज्याच्या ठायी उद्याचा एखादा उत्तम गणितशिक्षक होता, तो असा मुकाट्याने वाटेवरून बाजूला होतो. त्याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत होत नाही.

हा मुलगा आळशी होता का? बहुतेक वेळा नाही. त्याने अभ्यास केला होता, पण बारावीचा अभ्यास पहिल्या वर्षाच्या पेपरासाठी केला होता. बारावीपर्यंत प्रश्न विचारला जातो, 'किंमत काढा.' पहिल्या वर्षी विचारले जाते, 'सिद्ध करा.' गणिती विगमन म्हणजे इंडक्शन, विभाज्यता आणि मसावि, शेषांचे गणित, संच आणि त्यांवरील संबंध, बहुपदी आणि त्यांची मुळे, असा साधारणपणे या पेपराचा विस्तार असतो. यातील निम्मे शब्द सातवी-आठवीपासून कानावरचे, म्हणून विद्यार्थी गाफील राहतो. मसावि काढता येतो, मग काळजी कसली? परंतु इथे मसावि काढून दाखवायचा नसतो. तो तसाच का निघतो, हे दाखवायचे असते.

या 'का' ला आपल्या परंपरेत एक नेमका शब्द आहे, उपपत्ती. भारतीय गणित म्हणजे केवळ सूत्रांचा आणि श्लोकांचा संग्रह, सिद्धता मात्र ग्रीकांची, असा एक समज पाश्चात्त्य लेखकांनी रूढ केला आणि आपल्याकडील शिकलेल्यांनी तो निमूटपणे स्वीकारला. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली. तिच्यात ते नियमामागची उपपत्ती देत जातात. मूळ ग्रंथात सूत्र आटोपशीर असते, कारण ते स्मरणात राहायला हवे. त्याची कारणमीमांसा गुरू शिष्याला समोर बसवून सांगतो आणि टीकाकार ती लिहून ठेवतो. सूत्र पाठ करणे ही त्या अध्ययनाची सुरुवात होती, शेवट नव्हे. आपण मात्र सुरुवात तेवढी उचलली आणि तिलाच परंपरा म्हणू लागलो.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखही या संदर्भात आठवावा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला आणि १२०७ साली त्याला दान मिळाले, असे त्यावरून कळते. आजोबांचा पुतळा नव्हे, त्यांचे ग्रंथ शिकवण्याची व्यवस्था नातवाने उभी केली. स्मारक कशाला म्हणावे, याचा हा यादवकालीन वस्तुपाठ आहे.

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. एका संख्येच्या वर्गातून दुसऱ्या संख्येच्या वर्गाची ६१ पट वजा केली तर बाकी १ उरावी, अशा दोन पूर्ण संख्या कोणत्या? फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६५७ साली युरोपातील विद्वानांना हा प्रश्न आव्हान म्हणून टाकला. भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात तो त्याच्या सुमारे पाच शतके आधी सोडवलेला होता. सर्वांत लहान उत्तर १,७६,६३,१९,०४९ आणि २२,६१,५३,९८० असे अवाढव्य आहे. ज्या चक्रवाल पद्धतीने ते मिळते ती भास्कराचार्यांच्याही आधीच्या जयदेव या गणितज्ञाच्या नावावर आढळते, हेही अभिमान बाळगणाऱ्याने जाणून घ्यावे. ही माहिती आपल्या अनेक बौद्धिकांत सांगितली जाते, टाळ्याही पडतात. पण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांनी ६१ च्या जागी ७ किंवा १३ घेऊन ते गणित कागदावर करून पाहिले? जो वारसा हाताने करून पाहिला नाही, तो आपला असल्याचे सांगणे म्हणजे वडिलोपार्जित शेताचा सातबारा मिरवायचा आणि नांगर मात्र कधी धरायचा नाही.

नांगर धरायचा म्हणजे काय, ते एका साध्या उदाहरणाने पाहू. ४३ क्ष + १७ य = १ हे समीकरण पूर्ण संख्यांत सोडवायचे आहे. आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्ये या प्रकारच्या प्रश्नांसाठी जी रीत दिली तिला पुढे कुट्टक हे नाव पडले. कुट्टक म्हणजे कुटणारा, मोठ्या संख्येचे कुटून कुटून बारीक पीठ करणारा. ४३ ला १७ ने भागा, बाकी ९. १७ ला ९ ने भागा, बाकी ८. ९ ला ८ ने भागा, बाकी १. इथपर्यंत सगळा वर्ग बरोबर येतो. आता उलटे चालायचे. १ म्हणजे ९ वजा ८. त्यातील ८ म्हणजे १७ वजा ९. म्हणून १ म्हणजे ९ ची दुप्पट वजा १७. आणि ९ म्हणजे ४३ वजा १७ ची दुप्पट. ते घातले की १ = २ × ४३ − ५ × १७. म्हणजे ८६ वजा ८५. क्ष २, य उणे ५.

वाचताना हे किती सोपे वाटले! हाच सापळा आहे. उद्या सकाळी कोऱ्या कागदावर ५८ आणि २१ घेऊन हेच करा. उलट चालताना उणे चिन्ह कंसाबाहेर निसटते, १७ चे दोन तुकडे एकत्र करायचे राहतात, शेवटचे पद कशाच्या जागी घालायचे तेच समजेनासे होते. पेपरात नेमके हेच घडते, आणि तिथे विद्यार्थी म्हणतो, 'येत होते, पण आठवले नाही.' खरे तर येत नव्हते. दुसऱ्याने केलेले पाहिले होते.

इंडक्शनची कथाही निराळी नाही. विद्यार्थी पहिली पायरी 'एकसाठी खरे आहे, हे स्पष्टच आहे' असे म्हणून उडवून लावतात आणि परीक्षकाने गुण कापले की रुसतात. त्यांनी एक गंमत करून पाहावी. प्रत्येक संख्या तिच्या पुढच्या संख्येइतकीच असते, हे विधान घ्या. कोणत्या तरी संख्येसाठी ते खरे मानले आणि दोन्ही बाजूंत एक मिळवला, की पुढच्या संख्येसाठीही ते खरे ठरते. पायरी निर्दोष, विधान मात्र धादांत खोटे, कारण पहिली पायरीच, १ बरोबर २, कोसळलेली आहे. पाया नसलेल्या जिन्याची पुढची प्रत्येक पायरी कितीही भक्कम असली तरी त्यावर चढणार कोण? संबंधांच्या प्रश्नातही असेच होते. प्रत्येक घटकाचे स्वतःशी नाते आहे, नाते उलटे केले तरी टिकते, आणि पहिल्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे पोहोचते, हे तिन्ही गुण सिद्ध करायचे असताना विद्यार्थी २, ४, ६ अशा संख्या घालून 'म्हणून सिद्ध झाले' लिहितात. एक उदाहरण विधान मोडू शकते, उभे करू शकत नाही.

मग तयारी कशी करावी? शाखेत दंड शिकलेल्या कुणालाही हे सांगावे लागू नये. प्रहारांची आकृती पुस्तकात असते, पण पुस्तक वाचून प्रहार येत नाहीत. रोज थोडा वेळ, मैदानावर, घाम गाळून येतात. वर्षभर फिरकलाच नाही आणि संचलनाच्या आदल्या रात्री पुस्तिका वाचली, असा स्वयंसेवक दुसऱ्या दिवशी पंक्तीत कसा दिसेल, ते डोळ्यांसमोर आणावे. बीजगणिताचा रोज एक तास आणि परीक्षेआधीच्या तीन रात्री यांत तोच फरक आहे.

त्या एका तासात करायचे एवढेच. प्रमेय वाचावे, समजून घ्यावे, पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर उपपत्ती लिहावी. जिथे अडेल तिथे खूण करून मगच पुस्तक उघडावे. हे क्लेशदायक आहे, म्हणूनच ते टाळले जाते. पुन्हा पुन्हा वाचल्याने सगळे ओळखीचे वाटते, आणि ओळखीलाच माणूस ज्ञान समजतो. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. न पाहता आठवून लिहिणारे आठवड्यानंतरच्या चाचणीत पुढे गेले. तो प्रयोग गद्य उताऱ्यांवर होता. गणितावर रोहरर आणि टेलर यांचा २००७ सालचा प्रयोग आहे. एकाच प्रकारची गणिते ओळीने सोडवणाऱ्यांना सरावात अधिक गुण मिळाले, पण आठवड्यानंतर, प्रकारांची सरमिसळ करून सोडवणारे त्यांच्या सुमारे तिप्पट गुण घेऊन गेले. कारण उघड आहे. पेपरात कोणती रीत वापरायची हे प्रश्नाच्या डोक्यावर छापलेले नसते. तेव्हा शेवटचे तीन आठवडे प्रकरणवार अभ्यास थांबवावा आणि जुन्या प्रश्नपत्रिकांतील प्रश्न चिठ्ठ्या टाकून, येईल तो सोडवावा. आपल्या वेदपाठशाळांत घन आणि जटा यांसारख्या विकृतिपाठांतून तेच शब्द क्रम बदलून म्हणवून घेतात. त्यामागचा विचार अगदी हाच नसेलही, पण क्रमाच्या आधाराने आठवणे ही दुबळी आठवण.

गाइड घ्यावे की घेऊ नये, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. घ्यावे, पण ते उत्तर तपासण्यासाठी, अभ्यासासाठी नव्हे. आणि 'वैदिक गणित' करवून घ्यावे का, असेही आपल्या घरांतून हमखास विचारले जाते. स्वामी भारती कृष्णतीर्थ यांचे १९६५ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक आकडेमोडीचा वेग आणि उत्साह वाढवते, स्पर्धा परीक्षांत त्याचा उपयोगही होतो. पण या पेपरात घाई उपयोगाची नाही. तिथे कारणे मागतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण वेगळी आणि खरी आहे. त्यांना गणित कळते, व्याख्येचे इंग्रजी वाक्य लिहिताना मात्र ते चाचपडतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने उच्च शिक्षणात भारतीय भाषांना स्थान देण्याचे मान्य केले, हे योग्यच झाले. पण ज्याचा पेपर यंदा इंग्रजीत आहे, त्याने धोरणाची वाट पाहून चालणार नाही. त्याने प्रत्येक व्याख्या आधी मराठीत, स्वतःच्या शब्दांत एखाद्या धाकट्या भावंडाला समजावून सांगावी आणि मग इंग्रजीत शब्दशः, एकही 'फॉर ऑल' किंवा 'देअर एक्झिस्ट्स' न गाळता, वहीत उतरवावी. या दोन लहानशा शब्दप्रयोगांची अदलाबदल झाली की विधानाचा अर्थच बदलतो. पहिल्या वर्षीचे कितीतरी गुण तिथेच वाहून जातात.

पालकांना गणित येत नसले तरी बिघडत नाही. 'किती तास बसलास?' हा प्रश्न मात्र सोडून द्यावा. 'आज न पाहता काय लिहिलेस, तो कागद दाखव,' असे म्हणावे. कागदावर खाडाखोड असली तर समाधान मानावे. लोकमान्यांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष प्रकृती कमावण्यात घालवले आणि अभ्यास मागे पडू दिला, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पुढे त्यांनी केरूनाना छत्र्यांच्या हाताखाली गणित केले आणि त्यात ते नावाजले गेले. घरच्या मुलाचे एक वर्ष मागे पडले तर तेवढेच औदार्य त्याच्याही वाट्याला येऊ द्यावे.

शेवटी परीक्षेच्या दालनातले. व्याख्येचे आणि येणाऱ्या उपपत्तीचे प्रश्न आधी लिहावेत. अडलेल्या प्रश्नावर वीस मिनिटे झुंजू नये. शेवटची दहा मिनिटे ताळ्यासाठी राखावीत. आपले आजोबा-पणजोबा प्रत्येक हिशेबाला नवाचा ताळा लावत. दहाला नवाने भागले की बाकी एक उरते, शंभराला आणि हजारालाही तीच. म्हणून कोणत्याही संख्येची नवाने भागल्यावरची बाकी तिच्या अंकांच्या बेरजेवरून कळते. भास्कराचार्यांच्या त्या दोन संख्यांनाच लावून पाहा. पहिलीच्या अंकांची बेरीज ४६, म्हणजे बाकी १. दुसरीची ३६, म्हणजे बाकी शून्य. एकाचा वर्ग वजा ६१ गुणिले शून्य, उरला एक. ताळा जमला. तरी त्यावर डोळे मिटून विसंबू नये. २९ च्या जागी ९२ लिहिले गेले तर अंकांची बेरीज तीच राहते आणि नवाच्या ताळ्याला चूक सापडत नाही. त्यासाठी अकराचा ताळा आहे. उजवीकडून एक अंक मिळवायचा, एक वजा करायचा, असे करत जायचे. २९ चे येतात ७ आणि ९२ चे उणे ७. शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल त्याला कधीही चुकत नाही. का चुकत नाही, हे याच पेपरातील शेषांच्या प्रकरणात सिद्ध करता येते. आज रात्री पुस्तक मिटून करून पाहावे.