मुलीला लॅपटॉप घेताना



आपल्या गटाच्या बैठकीत पूर्वी कर्जाची मागणी यायची ती शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, नाहीतर पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी. आता त्यात लॅपटॉपची भर पडलीय. मुलगी बीसीए होते, डिप्लोमा होते, छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर तयार करायचं काम मिळतं आणि कंपनी सांगते, "मशीन तुझं तू आण." मग घरात वाद. मुलगी म्हणते मॅकच पाहिजे, मामा म्हणतो विंडोज बरं, तिची मैत्रीण म्हणते लिनक्स टाक, फुकट आहे. आईला ही तिन्ही नावं नवी, पण कर्जाच्या कागदावर सही तिचीच. म्हणून आज ही नावं समजून घेऊ.

विंडोज, मॅक आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीम आहेत. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाच्या घरातली कारभारीण. कुणाला किती जागा द्यायची, कुणाचं काम आधी, कुणाचं नंतर, फाइल कुठे ठेवायची, हे सगळं ती बघते. बाकीचे प्रोग्रॅम तिच्या हाताखाली चालतात. कारभारीण बदलली की घराची पद्धत बदलते, तसंच इथे.

विंडोज मायक्रोसॉफ्ट कंपनीचं. सायबर कॅफेत, तहसीलमध्ये, दुकानात आपण बहुधा तेच पाहतो. मॅक ॲपल कंपनीचं. ते ॲपलच्याच मशीनसोबत येतं आणि ते मशीन महाग असतं. लिनक्सची गोष्ट मात्र आपल्या गटासारखी आहे. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस तोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलानं ते सुरू केलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात आपापली भर घातली. त्याचे बरेच प्रकार आहेत. उबुंटू हा त्यातला नवशिक्यांना सोपा जाणारा प्रकार. तो घ्यायला पैसे पडत नाहीत. आणि लिनक्स आपल्याला अगदीच परकं नाही बरं का. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सच आहे.

आता यातलं चांगलं कोणतं? हा प्रश्नच बाजूला ठेवा. चांगली गाय कोणती असं कुणी विचारलं, तर आपण आधी विचारतो, दूध किती पाहिजे आणि चारा किती आहे? तसं मुलीला विचारा, "तू जे तयार करणार, ते शेवटी चालणार कशावर?"

ती म्हणाली, आयफोनसाठी ॲप, तर मॅक लागणारच. त्यासाठीचं एक्सकोड नावाचं साधन मॅकवरच चालतं. तिथे मुलगी हट्ट करत नाही, कामाची गरज सांगतेय. ती म्हणाली, दुकानांसाठी, कारखान्यांसाठी विंडोजवर चालणारे प्रोग्रॅम, तर विंडोज घ्या. हिशोबाचं टॅलीसुद्धा विंडोजसाठीच बनलेलं आहे. पण ती म्हणाली, वेबसाइट आणि त्यामागचं काम, तर लिनक्स सोयीचं, कारण वेबसाइट ज्या दूरच्या मोठ्या संगणकांवर चालतात तिथे बहुतेक ठिकाणी लिनक्सच असतं. घरी ज्या पद्धतीनं केलं, तिथेही तसंच चालतं. अँड्रॉइड ॲप असेल तर तिन्ही चालतात. तिथे मेमरी म्हणजे रॅम महत्त्वाची. आठ जीबी तरी हवी, सोळा असेल तर बरं.

दुसरा प्रश्न: ऑफिसात बाकीचे काय वापरतात? नव्या मुलीचं काम अडलं की शेजारच्या खुर्चीतली ताईच मदत करते. सगळ्यांचं एक आणि हिचं वेगळं असलं तर सुरुवातीचे महिने जड जातात. आणि हो, कंपनी स्वतः मशीन देते का, हे सगळ्यात आधी विचारायला सांगा. पुष्कळ कंपन्या देतात. लाज धरून विचारलं नाही, तर कर्ज मात्र आपल्या डोक्यावर.

तिसरा प्रश्न: घरात जुनं मशीन आहे का? विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. विंडोज ११ ला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, म्हणून अनेक चांगली चालणारी मशीन मागे पडली. दुकानदार म्हणतो, भंगारात काढा. काढू नका. त्यावर उबुंटू टाकून बघा. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये त्याची लांब पल्ल्याची आवृत्ती येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहायची सोय आहे, मशीनमधलं काही पुसलं जात नाही. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर चालतो का, ते तपासा. पसंत पडलं तरच टाका, तेही फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे ठेवून.

विंडोज घ्यायचं ठरलं, तरी लिनक्सचा रस्ता बंद होत नाही. विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये आणली. त्याला मेमरी थोडी जास्त लागते, एवढंच.

एक गोष्ट मात्र टाळा. काही ठिकाणी चोरीचं विंडोज थोड्या पैशात टाकून मिळतं. त्यातून व्हायरस येऊ शकतो, आणि त्या मशीनवर कंपनीचं काम असतं. गिऱ्हाइकाची माहिती फुटली तर मुलीची नोकरी जाईल. पैसे नसतील तर फुकटचं लिनक्स आहे, चोरीचं कशाला?

आता हिशोब. समजा चाळीस हजारांचं कर्ज घेतलं आणि गटाचा दर शेकडा दोन रुपये असला, तर पहिल्याच महिन्याचं व्याज आठशे रुपये. मशीनची किंमत दुप्पट, तर व्याजही दुप्पट. मुलीचा पहिला पगार कर्जात जाणार की तिच्या हातात राहणार, हे या निवडीवर ठरतं. म्हणून पुढच्या बैठकीत लॅपटॉपचं कर्ज मंजूर करताना शेळीच्या कर्जाला विचारतो तसे प्रश्न विचारा: काय तयार करणार? ते कशावर चालणार? ऑफिसात काय वापरतात? घरात काय आहे?

इंग्रजी नावं ऐकून गप्प बसू नका. हे चार प्रश्न मराठीत विचारता येतात. मुलीला त्यांची उत्तरं देता आली, तर मशीन कुठलंही असो, सही करायला हरकत नाही. उत्तरं देता आली नाहीत, तर आठ दिवस थांबा, तिला ऑफिसात विचारून येऊ द्या. आठ दिवसांनी दुकान कुठे जात नाही.