हे कुणाच्या हातात?



तुमच्यापैकी बरेच जण रविवारी वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेता. सहा-सात वर्षांच्या मुलाला विचारा, कंट्रोल म्हणजे काय? तो म्हणेल, ‘अब्बा ओरडले की गप्प बसायचं.’ त्याच्या लेखी कंट्रोल म्हणजे धाक. आम्ही इंजिनियर लोक हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतो आणि तो मुलांना पटकन कळतो.

फ्लशच्या टाकीचं झाकण काढून दाखवा. पाणी चढतं तसा बॉल वर येतो आणि पाणी बंद होतं. पाणी उतरलं की पुन्हा सुरू. ओरडत कुणीच नाही. पातळी बघायची, हवी तेवढी आहे का ते ताडायचं आणि मग लागेल तेवढंच करायचं. कल्याण-डोंबिवली, मुंब्र्याला पाणी देणाऱ्या बारवी धरणाचे दरवाजेही पाणी 72.60 मीटरवर पोचलं की आपोआप उघडतात. मग मुलांना सांगा, रागही असाच चढतो. तो चढतोय हे आधी ओळखायचं, म्हणजे हात आवरता येतो.

यापुढचा धडा जास्त महत्त्वाचा. खडूने तीन गोल काढा: माझ्या हातात, कुणाच्याच हातात नाही, सगळ्यांच्या मिळून हातात. गृहपाठ पहिल्या गोलात, पाऊस दुसऱ्या. आणि लोकलची गर्दी?

9 जून 2025 रोजी दिवा-मुंब्रादरम्यान दोन खच्चून भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले, काही जिवाला मुकले. आपल्या मुलांनी घरात हे ऐकलंय. कुणी म्हणालं, ‘नशीब.’ म्हणजे दुसरा गोल. कुणी म्हणालं, ‘दारात लटकायचं कशाला?’ म्हणजे पहिला. पण गाड्या किती, त्यांना दारं कशी, हे माणसंच ठरवतात. अपघातानंतर रेल्वेने नव्या साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारं बसवण्याचं जाहीर केलं. म्हणजे ही गोष्ट तिसऱ्या गोलातली होती.

फक्त पहिला गोल माहीत असलेलं मूल प्रत्येक गोष्टीचा दोष स्वतःला देतं. फक्त दुसरा माहीत असलेलं हातपाय गाळून बसतं. तिसरा गोल कळलेलं मूल मोठं झाल्यावर अर्ज लिहितं, प्रभागात जाऊन प्रश्न विचारतं, मतदान करतं, आणि शेजाऱ्यालाही सोबत नेतं. मग तो शेजारी कुठल्याही जातीधर्माचा असो, कारण गर्दीच्या डब्यात सगळेच चेंगरतात.

मुलांना धाक घरोघरी मिळतो. तिसरा गोल आपण शिकवू.