कंबरेचे बळ
(साकोली येथील भाषणाचा मजकूर)



आरोग्यावरील भाषण म्हटले की रक्तदाब, मधुमेह हे विषय ठरलेले असतात. आज आम्ही कंबरेविषयी बोलणार आहोत. आपला साकोली तालुका धानाचा. पावसाळ्यात चिखलाच्या बांधीत दिवसभर वाकून पऱ्हे रोवणाऱ्या बाया म्हणजे आपल्याच आया-बहिणी. "रोवणीत आईची कंबर गेली" हे वाक्य आम्ही लहानपणापासून घरात ऐकत आलो. परंतु कंबर जाते म्हणजे नेमके काय होते, हे आम्हांला कोणी सांगितले नाही. आम्हीही कधी विचारले नाही.

छातीला बरगड्यांचा पिंजरा आहे. खाली कमरेच्या हाडांचे मजबूत कडे आहे. या दोहोंच्या मध्ये मात्र कण्याचे अवघे पाच मणके आहेत. त्यांना सावरून धरण्याचे बरेचसे काम स्नायू करतात. या स्नायूंची जणू एक पेटीच आहे. पेटीचे झाकण म्हणजे श्वासपटल, बूड म्हणजे ओटीपोटाचा तळ, पुढची व बाजूची भिंत म्हणजे पोटाचे स्नायू आणि मागची भिंत म्हणजे कण्यालगतचे स्नायू. व्यायामशाळेतील मुले यांनाच 'कोअर' म्हणतात. आपण त्यांना गाभ्याचे स्नायू म्हणू.

आता सर्वांनी नाभीच्या खाली हात ठेवून एकदा खोकून पाहा. पोट आपोआप घट्ट झाले ना? पोटाच्या सर्वांत आतल्या थरातील आडवा स्नायू पट्ट्यासारखा कंबरेभोवती असतो. तोही त्या वेळी आवळला जातो. ऑस्ट्रेलियातील हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी १९९६ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. निरोगी माणूस झटकन हात उचलतो, तेव्हा खांद्याच्या स्नायूच्याही आधी हा आतला पट्टा कामाला लागतो. ज्यांची कंबर वारंवार दुखते, त्यांच्यात तो उशिरा जागा होतो. म्हणजे गाभा आधी आणि हातपाय मागाहून. घागर उचलणे असो, धावणे असो की कुऱ्हाड चालवणे असो, पायांचे बळ हातांपर्यंत पोहोचते ते या गाभ्यातूनच.

यावर आमच्या भगिनी म्हणतील, "आम्ही दिवसभर राबतो, आम्हांला आणखी व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर इंग्लंडमधील फ्लॉइड व सिल्व्हर यांच्या १९५५ सालच्या संशोधनात सापडते. माणूस पुढे पूर्ण वाकला की कण्याला धरणारे पाठीचे मोठे स्नायू जवळजवळ थंड पडतात. मग शरीराचा भार कण्याचे बंध आणि मणक्यांमधील गाद्या यांच्यावर लोंबकळतो. तास न् तास असे वाकल्याने बंध सैल पडतात. म्हणून कष्ट पुष्कळ झाले तरी गाभ्याला व्यायाम झालाच, असे समजू नये.

यातून काही साध्या गोष्टी निघतात. रोवणी करताना थोड्या थोड्या वेळाने सरळ उभे राहावे आणि हात कंबरेवर ठेवून किंचित मागे झुकावे. खूप वेळ वाकून काम केल्यावर लगेच पेंढ्यांचा भारा किंवा धानाचे पोते उचलू नये, दोन-चार मिनिटे उभे राहून मग उचलावे. ओझे अंगाजवळ धरावे आणि उचलताना कंबर न पिळता पायांनी वळावे.

व्यायामही सोपे आहेत. कॅनडातील प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांनी तीन प्रकार सुचविले आहेत. पहिला, उताणे पडून एक गुडघा मोडावा, हात कंबरेखाली ठेवावेत आणि डोके व खांदे किंचित उचलावेत. दुसरा, कुशीवर होऊन कोपर व गुडघ्यावर अंग तोलावे. तिसरा, हातागुडघ्यांवर ओणवे होऊन उजवा हात व डावा पाय सरळ करावा आणि मग उलट करावे. प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंद थांबावे, श्वास रोखू नये. यासाठी सतरंजीखेरीज काही लागत नाही.

विद्यार्थी मित्रहो, पोलीस वा सैन्य भरतीची तयारी करताना पोटावर दिसणाऱ्या वळ्यांच्या मागे लागू नका. आतला गाभा आरशात दिसत नाही. आपल्या विदर्भाला ही विद्या परकी नाही. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. मल्लखांबावर आडवे तोललेले शरीर पाहा, गाभ्याचे बळ म्हणजे काय ते एका नजरेत कळेल.

एक गोष्ट भगिनींसाठी. बाळंतपणानंतर ओटीपोटाचा तळ सैल पडतो. खोकताना, ओझे उचलताना लघवीचे थेंब जातात. लाजेपोटी कित्येक जणी हे आयुष्यभर लपवतात. हाही याच पेटीचा भाग आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतात, तेच रोज काही वेळा आवळून सोडण्याच्या सरावाने बहुतेकींना आराम पडतो. डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

मात्र वेदना पायात उतरत असेल आणि पाय बधिर किंवा लुळा पडत असेल, जांघेत बधिरपणा आला असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, तर व्यायाम, मालीश, झाडपाला यांत वेळ न घालवता तडक रुग्णालय गाठावे.

आमच्या आईला हे सांगायला आम्हांला उशीर झाला. आपण तो करू नये. आज घरी गेल्यावर आपल्या आईला एवढेच विचारा, "माय, कंबर कशी आहे?" आणि तिच्यासाठी सतरंजी अंथरा. तिच्याबरोबर आपणही व्यायामाला लागा. एवढे झाले तरी आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.